‘देणी : निरंक’ या एका ओळीबद्दल कंपनी निबंधकांना खुले पत्र

प्रति,
मा. कंपनी निबंधक, कर्नाटक, बेंगळुरू
मा. कंपनी निबंधक, पुणे
आणि स्वेच्छेने बंद होणाऱ्या कंपन्यांचे अर्ज पाहणारे सी-पेस केंद्र, मानेसर

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा भागांत ज्यांच्या लहान-मोठ्या शेड आहेत, त्यांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. त्यांतला कुणी कास्टिंगचे टर्निंग करून देतो, कुणी पॅटर्न बनवतो, कुणी फौंड्रीला फेटलिंगसाठी, म्हणजे ओतीव मालाच्या जादा कडा घासून काढायला, माणसे पुरवतो, कुणी तयार माल पाठवायला लाकडी खोकी करून देतो. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्यांचीही काही खाती माझ्याकडे आहेत. ही सगळी मंडळी स्वतःच्या नावावर किंवा घरच्या भागीदारीत धंदा करतात. त्यांचा माल मात्र प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांकडे जातो. अशी एखादी कंपनी एक दिवस आपल्या नोंदवहीतून नाहीशी होते आणि तिच्याकडे अडकलेले पैसे आता कुणाकडे मागायचे, हे सांगायला कुणी उरत नाही. त्याबद्दल हे पत्र आहे.

कंपन्या बंद होतात याबद्दल माझी तक्रार नाही. धंदा बसतो, भागीदारांत बिनसते, बाजार फिरतो. जिथे काही चालत नाही तिचे नाव वहीत वर्षानुवर्षे ठेवून कुणाचेच भले होत नाही. २०१७ मध्ये देशभरातल्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली, तेव्हा कागदावरच्या कंपन्यांचा सुळसुळाट कमी होईल म्हणून आम्हालाही ते पटले होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, नाव काढण्याआधी ‘या कंपनीकडून तुमचे काही येणे आहे का?’ हा प्रश्न ज्याला विचारायला हवा त्याला तो विचारला जात नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण एका कंपनीचा पंचनामा करून हा प्रश्न सुटणार नाही.

खानापूर रोडला एका गृहस्थांची शेड आहे. दोन लेथ आणि कर्ज काढून घेतलेली एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशिनिंगचे यंत्र. ज्या कंपनीचे ते काम करत, तिचे नोंदणीकृत कार्यालय बेंगळुरूत आणि कारखाना इथे. काम व्हॉल्व्हच्या बॉडी मशिनिंग करून देण्याचे. माल टेंपोत भरला की चलनाच्या तीन प्रती जायच्या. कंपनीच्या स्टोअर्समध्ये ‘इनवर्ड’चा निळा गोल शिक्का बसायचा, शिक्क्यावर स्टोअरकीपरची तिरकी सही आणि नगांची संख्या, आणि एक प्रत परत यायची. त्या प्रती हे गृहस्थ आजही तारेच्या आकड्यात ओवून भिंतीला टांगून ठेवतात. वरच्या प्रती पिवळ्या पडल्या आहेत, पण शिक्का आणि तारीख स्पष्ट वाचता येते. नाकारलेल्या नगांची नोंदसुद्धा त्याच चलनावर लाल शाईत आहे. माल पोचला, तपासला गेला, स्वीकारला गेला, याहून अधिक पुरावा कुठला हवा?

सुरुवातीला पैसे दोन महिन्यांत यायचे. मग तीन महिन्यांत येऊ लागले. पुढे बिलावर पैसे येणेच थांबले आणि ‘ऑन अकाउंट’ म्हणून वीस-पंचवीस हजार मिळू लागले, म्हणजे कुठल्या बिलाचे ते कळायचे नाही, बाकी मात्र वाढत राहायची. शेवटी ऑर्डर बंद झाल्या तेव्हा येणे साडेचार लाखांच्या आसपास होते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारे पर्चेस मॅनेजर नोकरी सोडून गेले. एके दिवशी यंत्रे ट्रेलरवर चढून कुठेतरी गेली. गेटवर वॉचमन राहिला, नंतर तोही राहिला नाही. बेंगळुरूच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र पोस्टमनने ‘लेफ्ट’ असा शेरा मारून परत आणले.

मग मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थिती पाहिली. तिथे लिहिले होते : ‘स्ट्राइक ऑफ’. शंभर रुपये भरले की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे उघडता येतात, ती उघडली. कंपनीने स्वतःच अर्ज करून नाव काढून घेतले होते. अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचे पत्रक होते, त्याखाली चार्टर्ड अकाउंटंटची सही होती, आणि देण्यांच्या रकान्यात निरंक लिहिले होते.

महोदय, आता त्याच शेडमालकांचा फॉर्म २६एएस पाहा. त्यांच्या पॅनवर याच कंपनीने कापलेला टीडीएस तिथे दिसतो. कंत्राटी कामाच्या बिलातून कंपनी व्यक्तीसाठी एक टक्का कर कापते आणि सरकारजमा करते, हे आपण जाणताच. हा कर पैसे देताना किंवा बिल पुरवठादाराच्या खात्यावर जमा धरताना, जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. म्हणजे कंपनीने आयकर खात्याला लेखी कळवले होते की, या माणसाचे एवढ्या रकमेचे बिल आम्ही मान्य केले आहे. जीएसटीचेही तेच. त्या बिलांवरचा कर शेडमालकांनी वेळेवर भरला, कंपनीने त्याचे क्रेडिट घेतले, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या करातून वजा करून घेतली. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते असा नियम आहे. म्हणजे एका सरकारी खात्यापुढे ‘हे बिल मान्य’, दुसऱ्यापुढे ‘या बिलावरचे क्रेडिट द्या’ आणि तिसऱ्यापुढे, म्हणजे आपल्यापुढे, ‘देणी निरंक’. तिन्ही कागदांवर पॅन एकच, कंपनी एकच. तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले असते तर ती ओळ टिकली नसती.

आणखी एक कागद तर थेट आपल्याच कपाटात असायला हवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवले असतील तर कंपनीने दर सहामाहीला एमएसएमई-१ हे विवरण आपल्याकडे भरायचे, असा केंद्र सरकारचा जानेवारी २०१९ चा आदेश आहे. त्यात पुरवठादाराचे नाव, पॅन आणि रक्कम असते. कंपनीने ते भरले असेल, तर कुणाचे किती देणे आहे याची यादी आपल्याकडे तयारच आहे. भरले नसेल, तर ज्या कंपनीच्या ताळेबंदात कालपरवापर्यंत ‘व्यापारी देणी’ दिसत होती ती एकाएकी शून्यावर कशी आली, हे विचारण्याचा हक्कही आपला आणि कर्तव्यही आपले. देणी फिटली असतील तर बँकेच्या उताऱ्यात तसे दिसेल. ‘राइट बॅक’ करून, म्हणजे देणेकऱ्याने स्वतःच स्वतःला माफी देऊन, ती नफ्यात वळवली असतील तर तेही हिशेबात दिसेल. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. हे शोधायला मला एक दुपार पुरते. आपल्याकडे माझ्यापेक्षा किती तरी जास्त साधने आहेत.

कायदा या बाबतीत दुबळा आहे असे मला वाटत नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम २४८ मी पुनःपुन्हा वाचले आहे. स्वेच्छेने नाव काढायचे तर कंपनीने आधी सगळी देणी फेडलेली असली पाहिजेत. नाव काढण्याआधी कंपनीची देणी वाजवी मुदतीत फेडण्याची पुरेशी तरतूद झाली आहे, अशी निबंधकांनी स्वतःची खात्री करून घ्यायची आहे. गरज पडल्यास संचालकांकडून तसे लेखी वचन घ्यायचे आहे. नाव गेल्यानंतरही कंपनीची मालमत्ता देणी फेडण्यासाठी उपलब्ध राहते. संचालक, अधिकारी आणि सभासद यांच्यावर जी काही जबाबदारी असेल, ती कंपनी विसर्जित झालीच नाही असे समजून वसूल करता येते. धनकोंना फसवण्याच्या किंवा देणी टाळण्याच्या हेतूने अर्ज केला असेल, तर कलम २५१ खाली कंपनीचा कारभार पाहणारे लोक, ज्यांचे नुकसान झाले त्यांना, संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतात. एवढे सगळे लिहून ठेवले आहे. अडचण आहे ती ‘खात्री करून घ्यावी’ या तीन शब्दांत. ही खात्री सध्या कंपनीच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर आणि तिनेच नेमलेल्या सीएच्या सहीवर होते. ज्याचे पैसे अडकले आहेत तो या सगळ्यात कुठेच नसतो.

त्याला कळवले जाते ते जाहीर सूचनेने. सूचना राजपत्रात येते, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते, आणि नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात असेल तिथल्या एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते. हरकत घ्यायला तीस दिवस. आता याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. कंपनीचे नाव काढायचे ठरले की आयकर, अबकारी आणि सेवाकर अशा खात्यांना निबंधकांनी वेगळे पत्र पाठवून हरकत मागवायची आहे. म्हणजे सरकारचे पैसे बुडू नयेत म्हणून सरकारच्या टेबलावर पत्र पोचते. ते योग्यच आहे. मग ज्या पुरवठादाराचे नाव आणि पॅन सरकारदरबारी आधीच नोंदलेले आहे, त्याला एक पत्र, निदान एक एसएमएस, का जाऊ नये? ज्याची साडेचार लाखांची बाकी बुडाली तर व्हीएमसीचा हप्ता चुकतो, त्याने राजपत्र वाचत बसावे अशी अपेक्षा कोण करणार?

इथे आमच्या भागाची अडचण वेगळी सांगायला हवी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातला धंदा दोन्ही बाजूंना चालतो. इकडे काम बेंगळुरूच्या कंपन्यांचे असते आणि तिकडे कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कंपन्यांचे. टेंपो कोगनोळीचा नाका ओलांडून रोज जातो-येतो. कंपनी बेंगळुरूची असेल तर सूचना इंग्रजी आणि कन्नड दैनिकात येते, बहुधा अशा आवृत्तीत जी उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर येत नाही. कंपनी कोल्हापूरची असेल तर सूचना मराठीत येते खरी, पण महाराष्ट्रात खपणाऱ्या वर्तमानपत्रात. नियमात ‘नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य’ एवढेच पाहिले आहे. पुरवठादार कुठे राहतो, काय वाचतो, हे पाहिलेले नाही. सीमेवरचा माणूस दोन्हीकडून सुटतो.

यात कुणी भाषेचे राजकारण शोधू नये. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, तो त्याच्या जागी राहील. शेजारच्या शेडमधल्या कन्नड भाषिक माणसाचे येणे कोल्हापूरच्या कंपनीकडे अडकले, तर त्याला मराठी सूचना तितकीच परकी आहे. मी त्याच्यासाठी कन्नड सूचना मागतो आणि माझ्या माणसांसाठी मराठी. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. तक्रार मराठीत मांडता येते, मग ज्या सूचनेवरून तक्रार करायची ती वाचता येण्यासारखी असावी, एवढीच मागणी आहे. कंपनीचा कारखाना किंवा मुख्य खरेदी ज्या जिल्ह्यात होती, तिथल्या लोकांच्या भाषांत आणि तिथल्या आवृत्तीत सूचना छापणे बंधनकारक करा. खर्च अर्जदार कंपनीकडून घ्या. अर्जासाठी दहा हजार रुपये शुल्क भरणाऱ्याला स्थानिक दैनिकातल्या चार ओळी जड नाहीत.

मुदतीबद्दल बोलायलाच हवे, कारण सर्वांत जास्त पैसे तिथे बुडतात. कंपनी एकदा सुरू झालेली असेल तर नाव काढण्याच्या अर्जासाठी तिचा व्यवहार मागची दोन आर्थिक वर्षे बंद असावा लागतो. उधारीच्या वसुलीचा दावा करायला मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे मिळतात. या दोन आकड्यांची सांगड घालून पाहा. कंपनी काम थांबवते, दोन वर्षे गप्प बसते, फोनवर ‘देऊ, देऊ’ म्हणत राहते आणि मग अर्ज करते. अर्ज मंजूर होऊन नाव निघेपर्यंत पुरवठादाराची तीन वर्षे संपत आलेली असतात किंवा संपलेली असतात. ‘देऊ’ हे तोंडी आश्वासन मुदत वाढवत नाही. त्यासाठी सहीनिशी लेखी कबुली लागते किंवा लेखी नोंद असलेला अंशतः भरणा. जो शहाणा कर्जबुडवा आहे त्याला हे पाठ असते. बाकी मान्य असल्याचे पत्र तो देत नाही, फोनवर गोड बोलतो. आमच्याकडचा माणूस शब्दावर विश्वास ठेवतो, कारण त्याचा निम्मा धंदा शब्दावरच चालतो.

‘मग वेळेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली का गेला नाहीत?’ असे कुणी विचारेल. २०१६ च्या त्या कायद्यात आधी एक लाखाच्या थकबाकीवर अर्ज करता येत होता. मार्च २०२० पासून ती मर्यादा एक कोटी झाली. खानापूर रोडच्या शेडमालकाला एक कोटीचे येणे कधी असणार? दुसऱ्या कुणी, बहुधा बँकेने, कंपनीला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात नेले तर तिथे आपला दावा दाखल करायचा एवढेच त्याच्या हातात. त्यासाठीही सूचना दिसायला हवी. दावा दाखल झाला तरी वाटपात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाले धनको, इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, आणि त्यानंतर माल पुरवणाऱ्याचा नंबर. तिथे काही उरेल याची आशा कमीच, हे मी माझ्या माणसांना स्पष्ट सांगतो. तरीही दावा नोंदवायला सांगतो. बुडीत येणे हिशेबात दाखवायला आधार मिळतो, आणि मालमत्ता आधीच नातेवाइकांच्या नावावर फिरवली असेल तर तो व्यवहार उलटवण्याचा अर्ज करणाऱ्याला आमच्या चलनांवरच्या तारखा उपयोगी पडतात. दिवाळखोरी प्रक्रियेतल्या व्यावसायिकांना नियमांनी एक मुभा दिली आहे : कंपनीचा मोठा व्यवहार ज्या ठिकाणी होता, तिथल्या दैनिकातही ते जाहीर सूचना देऊ शकतात. बेळगावला कारखाना असताना ही मुभा वापरावी, ही विनंती त्यांनाही.

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातला मार्ग सर्वांत जवळचा आहे. ४५ दिवसांत पैसे न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद. हा मार्ग चालतो. पण समोर कंपनी जिवंत असेल तेव्हाच चालतो. परिषदेपुढे तक्रार प्रलंबित असताना कंपनीने आपल्याकडे ‘निरंक’ लिहून अर्ज केला, तर आपल्याला कोण कळवणार? परिषदेकडे प्रलंबित असलेल्या प्रकरणांची यादी आपल्या संगणकाला जोडून घ्या. ज्या कंपनीविरुद्ध अशी तक्रार उभी आहे तिचा अर्ज तिथेच थांबला पाहिजे.

नाव गेल्यानंतर दाद मागता येते, हेही मला माहीत आहे. धनको किंवा कामगार, राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांच्या आत, कंपनीचे नाव पुन्हा वहीत घ्या म्हणून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. वीस वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. पण न्यायाधिकरणाचे खंडपीठ बेंगळुरूत, कंपनी महाराष्ट्राची असेल तर मुंबईत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून जायचे, वकिलाची फी द्यायची, तारीख पडली की परत यायचे, आणि इकडे शेड बंद. साडेचार लाखांसाठी हे कोण करील? आणि नाव पुन्हा वहीत आले तरी पैसे मिळतात असे नाही. मेलेली कंपनी जिवंत होते आणि मग तिच्यावर दावा लावायचा. म्हणून मी पुनःपुन्हा म्हणतो की, जे काही व्हायचे ते नाव काढण्याआधी झाले पाहिजे.

एक गोष्ट मात्र नाव काढल्यानंतरही आपण ताबडतोब करू शकता, आणि तिला नवा कायदा लागत नाही. स्वेच्छेने कंपनी बंद करताना प्रत्येक संचालक आपल्याला हमीपत्र लिहून देतो : पुढे कंपनीवर कुणाचा कायदेशीर दावा निघाला तर तो आम्ही भागवू. हे हमीपत्र आपल्या फाइलमध्ये पडून राहते. ज्याच्यासाठी ते घेतले, त्याला ते असल्याचा पत्ताही नसतो. माझ्या शेडमालकांना ते मी दाखवले तेव्हा कळले. विसर्जनाची जी सूचना आपण प्रसिद्ध करता, तिच्यात दोन ओळी वाढवा : संचालकांनी हमीपत्र दिले आहे, आणि देणे राहिले असल्यास या पत्त्यावर, या ईमेलवर मागणी करावी. पत्ता बंद पडलेल्या नोंदणीकृत कार्यालयाचा नको, संचालक आज जिथे राहतात तिथला हवा. तीच मंडळी महिन्याभरात दुसऱ्या नावाने, त्याच रस्त्यावर, त्याच यंत्रांवर नवी कंपनी चालवताना दिसतात. त्यांच्या संचालक क्रमांकावर आपल्याकडे हे हमीपत्र नोंदलेले आहेच. नवी कंपनी नोंदवताना जुन्या हमीपत्राखालच्या मागण्या भागल्या का, हे विचारायला काय हरकत आहे?

कामगारांबद्दल थोडे लिहितो, खरे तर त्यांच्यावर वेगळे पत्र लिहायला हवे. फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या बायका, कंत्राटदारामार्फत आलेले फेटलर, यांच्या हातात नेमणूकपत्र नसते. हजेरीचे कार्ड असते, ते आठवड्याच्या शेवटी परत घेतले जाते. कंपनी बंद झाली की शेवटच्या महिन्याचा पगार, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, सगळे हवेत राहते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत निधीची रक्कम बाजूला काढून ठेवतात, कंपनीच्या वाटपात धरत नाहीत. स्वेच्छेने नाव काढताना मात्र भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा ‘बाकी नाही’ असा दाखला प्रत्येक अर्जासोबत मागितलाच पाहिजे. तो कागद मिळवायला कंपनीला फार कष्ट पडत नाहीत, देणी खरोखर फिटली असतील तर.

आमच्या शहरातल्या सीए मित्रांनाही या पत्रात सामील करून घेतो. आपली सही म्हणजे आपली साक्ष आहे. कंपनीची खतावणी समोर असताना, व्यापारी देण्यांची मागच्या वर्षीची यादी हातात असताना, ‘निरंक’वर सही करण्याआधी त्या यादीतल्या पाच माणसांना फोन लावून विचारा : बाबा, तुझे पैसे मिळाले का? आणि आमच्या उद्योजकांनी दर मार्चला कंपनीकडून बाकी-पुष्टीचे पत्र सहीशिक्क्यासह घ्यावे, बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापावा, वर्षातून दोनदा तरी आपल्या ग्राहक कंपनीची स्थिती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावी. हे मी माझ्या खात्यांना सांगत असतो. पण त्यांनी ही काळजी घेतली नाही म्हणून त्यांचे पैसे बुडवायची मुभा कुणाला मिळत नाही.

आपल्यापैकी कुणी बेळगावला येऊन एक दिवस इथल्या पुरवठादारांचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती करतो. उद्यमबागेत जागेची सोय आम्ही करू. येणारा प्रत्येक जण आपली चलने, बिले, २६एएसचा उतारा आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक घेऊन येईल. तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी त्या कंपन्यांची ‘निरंक’ पत्रके सोबत आणावीत, म्हणजे दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून पाहता येतील. हरकत मागवणाऱ्या सूचनेचा मराठी मसुदा, सामान्य माणसाला समजेल असा, मी विनामोबदला करून द्यायला तयार आहे. कन्नड मसुद्यासाठी उद्यमबागेतलेच एक सहकारी तयार आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,

आपला,
उद्यमबाग परिसरातल्या लहान कारखान्यांचा एक हिशेबनीस
बेळगाव